नवऱ्याला ३४व्या वर्षी ऑटिझमचं निदान: संध्याकाळ, सासूबाई, गणपती आणि ऑफिस

निंबोणी

नमस्कार. नवऱ्याचं वय ३४, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. मागच्या महिन्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तीन बैठकांत तपासणी होऊन ऑटिझम स्पेक्ट्रमचं निदान झालं, लेव्हल १, म्हणजे तीन पातळ्यांतली सगळ्यात कमी आधार लागणारी. लग्नाला चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. अहवाल अकरा पानी आहे, पण उद्या संध्याकाळी काय करायचं ते त्यात नाही.

अडचणी अशा. साडेसातला घरी आला की बोलत नाही. विचारलं तर "हं". पुन्हा विचारलं तर खोलीत जाऊन दार लावतो. मला रडू आलं की उठून जातो. सासूबाई म्हणतात, "चांगला शिकलासवरलेला, कमावता मुलगा, लग्नानंतर हे काय नवीन काढलंत?" ऑफिसने ठरलेल्या जागा काढल्या, आता रोज जे टेबल रिकामं मिळेल तिथे बसायचं. यंदाच्या रिव्ह्यूत "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा आला. आणि भाद्रपदात चिपळूणजवळच्या गावच्या घरी पाच दिवस गणपती असतो, वीस-बावीस माणसं, दोन वेळा आरती. गेल्या वर्षी तो आरतीतून उठून परसात जाऊन बसला, त्यावरून घरात बरंच बोलणं झालं.

"समजून घ्या, धीर धरा" हे ऐकून झालंय. काय, कधी, कसं ते सांगाल का?

उंबरठा

निंबोणी, संध्याकाळपासून सुरू करा. बदल तिथे सगळ्यात लवकर दिसतो.

हे रुसणं नाही. दिवसभर समोरच्याचा चेहरा वाचायचा, कधी बोलायचं आणि कधी थांबायचं याचा हिशोब ठेवायचा, दिवे आणि आवाज सोसायचे, शिवाय आपलं वेगळेपण कुणाला दिसू नये म्हणून झटायचं. याला सगळी ताकद लागते, आणि ती संपली की बऱ्याच जणांचं आधी बोलणं थांबतं. याला शटडाऊन म्हणतात. तीच कोंडी बाहेर फुटली, म्हणजे ओरडणं, रडणं, येरझाऱ्या, तर तो मेल्टडाऊन. दोन्ही मुद्दाम केलेलं नसतं. शटडाऊनमध्ये ऐकू येतं, बरंचसं कळतंही, पण उत्तर जुळवून तोंडापर्यंत आणता येत नाही. अशा वेळी "काय झालं?", "माझ्यावर चिडलायस का?", "अरे काहीतरी बोल ना" यातला एकेक प्रश्न त्याला आणखी आत ढकलतो.

म्हणून घरी आल्यावरची पहिली ४५ मिनिटं बिनबोलण्याची ठेवा. रोज, चांगल्या दिवशीसुद्धा. फक्त वाईट दिवशी ठेवली तर "आज वाईट दिवस आहे" हे त्याला सांगावं लागतं, आणि नेमकं तेच त्याला जमत नसतं. या वेळात ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. पाणी आणि काहीतरी खायला समोर ठेवा, "खाणार का?" विचारू नका. अनेक ऑटिस्टिक माणसांना भूक-तहान वेळेवर जाणवत नाही, दुपारचा डबा अर्धा परत येतो आणि चिडचिडीचं निम्मं कारण तेच असतं. लाइट बिल, उद्याची भाजी, मावशींचा फोन, हे सगळं सव्वाआठनंतर. ही घडी मोडते ती बहुधा तिसऱ्या माणसामुळे, म्हणून सासूबाईंनाही वेळ सांगून ठेवा.

त्याच्या बाजूने एक अट आहे, ती सोडू नका. खोलीत जाताना परतीची वेळ कळवायची. तोंडाने जमत नसेल तर फोनमध्ये आधीच लिहून ठेवलेला मेसेज: "थकलोय. तुझ्यावर राग नाही. ८:१५ ला बाहेर येतो." त्यातलं मधलं वाक्य गाळायचं नाही. वेळ पाळणं जमत नसेल तर नवी वेळ पाठवायची. परतीची वेळ नसलेलं बंद दार बायकोला टाकून दिल्यासारखं लागतं, आणि मग ती दार ठोठावते. दोन आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं बिघडतं ते इथूनच.

रडण्याबद्दल. ऑटिस्टिक प्रौढांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्यांना नाव देणं अवघड जातं, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. तुम्ही रडलात की त्याला काही वाटत नाही असं धरू नका. बहुतेकदा छातीत धडधड, पोटात गोळा आणि "आता मी नेमकं काय करायचं?" याचं उत्तर नाही, म्हणून पाय बाहेर पडतात. शांत दिवशी बसून ठरवा: "मी रडले तर शेजारी बस. पाठीवर हात ठेव. उपाय सांगू नकोस. दहा मिनिटांनी पाणी आण." सांगून मिळालेला हात खोटा नसतो. तुम्ही नेमकं सांगितल्यावर तो ते कसं करतो, त्यावरून जोखा.

वस्तू फेकणं, अंगावर धावून येणं, शिवीगाळ हे घडत असेल तर त्याला निदानाचं पांघरूण घालू नका. तो वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी वेगळी आणि ताबडतोब मदत घ्यायची.

कोरा_कागद

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, पण स्वतःबद्दल न सांगता भाषेबद्दल सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथे होतात.

आपल्या घरांत निम्मं बोलणं न बोलता चालतं. "दूध बघ" म्हणजे दूध बघायचं नसतं, वर आलं की गॅस बंद करायचा असतो. "राहू दे, मी करते" म्हणजे ऊठ आणि हात लाव. "काही नाही" म्हणजे बरंच काही. "बघू" म्हणजे नाही. निघालेला माणूस "येतो" म्हणतो. हे सगळं पाठ करता येतं, आणि तुमच्या नवऱ्याने ३४ वर्षांत बरंच पाठ केलंही असेल. पण थकल्यावर पाठांतर साथ देत नाही आणि शब्दांचा सरळ अर्थ तेवढा उरतो. मग दूध ओट्यावर, आणि तो म्हणतो, "मी बघतच होतो." तो खरं सांगत असतो.

वाक्यात तीन गोष्टी घाला: काय करायचं, केव्हा, आणि काम संपलं हे कशावरून ओळखायचं. "जरा ओटा आवर" हे त्याला चार वेगवेगळ्या प्रकारे कळू शकतं. त्याऐवजी: "जेवणं झाल्यावर, नऊच्या आत. भांडी सिंकमध्ये, उरलेलं लहान डब्यांत काढून फ्रीजमध्ये, ओटा आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने, शेवटी सिलिंडरचा नॉब बंद." एकदाच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तिसऱ्या आठवड्यात कागदाकडे कुणी बघत नाही.

"मदत करत जा" हे सगळ्यात निरुपयोगी वाक्य. मदत म्हणजे कुणीतरी दुसरं लक्ष ठेवणार आणि आपण अंदाज घ्यायचा. आख्खं काम द्या. सिलिंडर त्याचा, म्हणजे भरलेला लावला त्याच दिवशी पुढचा नंबर लावायचा, पावती डब्यात, आल्यावर वजन आणि सील बघायचं. दूध आणि पेपरचा हिशोब त्याचा. किराण्याची यादी त्याची, त्यात डाळ किती उरली की "संपत आली" म्हणायची ते ठरवून.

बेत बदलला की कळल्या क्षणी सांगा, आणि सोबत काय बदललं नाही तेही सांगा. "मामा येणार आहेत. जेवण साडेआठलाच. आपली खोली कुणाला देणार नाही. साडेनऊला ते निघतील." नुसतं "मामा येतायत हं" म्हटलं की डोक्यात वीस प्रश्न सुरू होतात.

सगळं त्यानेच शिकायचं असंही नाही. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडलं की हा एकाच बाजूचा दोष नाही: ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत, तितकाच बाकीच्यांना ऑटिस्टिक माणूस कळत नाही. त्याचा सपाट आवाज म्हणजे राग नाही, हे तुम्हालाही पाठ करावं लागेल. ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो "स्वमग्न" हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस स्वतःतच रमलाय. खरं तर त्याला बाहेरचंच जास्त आणि एकदम ऐकू येत असतं.

पडवी

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करण्याच्या बाजूने, घर आणि गणपती.

आधी घरातला आवाज मोजा. फोनवरचं डेसिबलचं अॅप अगदी अचूक नसतं, तुलनेपुरतं चालतं. त्रास नुसत्या मोठ्या आवाजाचा नसतो, अचानक येणाऱ्या आणि न थांबणाऱ्या आवाजाचा असतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, स्टीलच्या सिंकमध्ये आपटणारी स्टीलची भांडी, टकटकणारा पंखा, गुणगुणणारी जुनी ट्यूब. सिंकच्या तळाला रबरी जाळी टाका, मिक्सरखाली चार पदरी जुना टॉवेल. चटण्या आणि वाटण तो घरी यायच्या आत उरका. जुनी ट्यूब काढून साधारण ३००० केल्विनची, पिवळसर एलईडी लावा. फोडणी देण्याआधी पाच मिनिटं चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू करायचा, धूर झाल्यावर लावून उपयोग नसतो. कपड्यांची लेबलं उसवून काढा, कात्रीने कापलं तर कडक टोक राहतं आणि ते जास्त टोचतं.

कानांसाठी दोन वेगळ्या वस्तू लागतात आणि लोक नेमकी चुकीची घेतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसी, बस, पंखा अशा खालच्या सुरातल्या सलग घरघरीला उत्तम. झांज, टाळ, शिट्टी, माणसांचं बोलणं याला ते पुरे पडत नाहीत. त्यासाठी फोमचे बोळे. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोळा आत सरकवून वीस-तीस सेकंद बोट ठेवून फुगू द्यायचा. अर्धा बाहेर राहिला तर काम करत नाही, आणि "मला काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचा तो तसाच राहिलेला असतो. दिवसभर शांत खोलीतही बोळे घालून बसू नये, कानाला शांततेची सवय होऊन साधे आवाजही टोचायला लागतात.

आता आरती. सुरक्षिततेचा सर्वसाधारण हिशोब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद माजघरात चार झांजा आणि टाळ्या वाजल्या की आवाज तिथवर जाऊ शकतो. कुणाच्याही कानांना हे जास्त आहे, त्याच्या कानांना आधी कळतं इतकंच.

तिकडे एक दिवस आधी पोचा, पाहुणे यायच्या आत. रिकाम्या घरात झोपण्याची जागा ठरू द्या आणि सुटकेची एक जागा निवडा: पडवी, माडी, गोठ्याची बाजू, कुठलीही, पण कुणी शोधत येणार नाही अशी. परसात जाणं गेल्या वर्षी अपराध झाला कारण ते अचानक झालं. यंदा ते आधीच सांगितलेलं असू द्या.

आरतीत उभं राहण्याची जागा दाराजवळ, बाहेरच्या अंगाला. सुरुवातीला दोन मिनिटं आत, मग बाहेर, आणि "घालीन लोटांगण"ला परत आत. मंत्रपुष्पांजलीला झांजा थांबलेल्या असतात, नमस्कार, आरती घेणं तेव्हा होतं. घरच्यांच्या लक्षात तो होता हेच राहतं. हातात काम असावं आणि ते गर्दीतलं नसावं. प्रसाद वाटणं नको, तिथे वीस माणसं वीस गोष्टी बोलतात. दूर्वा निवडणं फार चांगलं काम: तीन पात्यांच्या कोवळ्या दूर्वा वेगळ्या काढायच्या, एकवीसची जुडी, दोऱ्याने बांधून ओल्या फडक्यात. दोन वेळच्या पूजेच्या मिळून भरपूर होतात आणि पडवीत बसून एकट्याला करता येतात. माळांचं वायरिंग, गाड्या कुठे लावायच्या ते ठरवणं, नैवेद्याची पानं मोजणं, हेही.

कडक सोवळं टोचत असेल तर आत मऊ सुती बनियन. पाच दिवस पूर्ण करायचा हट्ट धरू नका. तीन दिवस नीट झाले तर ते पाच दिवस कसेबसे काढण्यापेक्षा बरे.

निंबोणी

फार नेमकं लिहिलंत सगळ्यांनी. ४५ मिनिटांचं कालच त्याला वाचून दाखवलं, त्याने मेसेज लगेच सेव्ह केला, फक्त "थकलोय"च्या जागी "बॅटरी संपली" लिहिलं.

दोन गोष्टी विचारते. ऑफिसात निदान सांगावं का? अपंगत्वाचं सरकारी सर्टिफिकेट काढावं का? आणि सासूबाईंचा मुद्दा राहिलाच.

मस्टररोल

ऑफिसचं एचआरच्या बाजूने सांगते. सांगावं की नाही हा पहिला प्रश्न नाही, काय हवंय हा पहिला. ते लिहून काढलं की निम्म्या गोष्टी निदान न सांगताही मागता येतात.

मागणी मोजता येईल अशी हवी. "मला शांतता लागते" यावर कुणी काही करू शकत नाही. "खिडकीकडच्या रांगेत, पाठीमागे भिंत, पँट्री आणि प्रिंटरपासून लांब असं एक ठरलेलं टेबल" यावर अॅडमिन एका दिवसात हो किंवा नाही म्हणू शकतो. रोज जागा बदलण्याच्या पद्धतीत सहसा काही टेबलं राखीव ठेवता येतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. याच धर्तीवर: मीटिंगची विषयपत्रिका आदल्या दिवशी, तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी दोन ओळींत लेखी, एकाच वेळी दोघांनी काम दिलं तर आधी कुणाचं, हे ठरवणारा एक माणूस, आठवड्यातून ठरावीक दोन दिवस घरून. सगळं एकदम मागू नका. आधी जागा आणि लेखी सूचना. एक महिन्याने काय फरक पडला ते त्यानेच कळवायचं, म्हणजे पुढची मागणी सोपी जाते.

मेल लहान ठेवायचा. साधारण असा: "सध्या रोज वेगळ्या टेबलावर बसल्याने माझं लक्ष टिकायला वेळ लागतो. अमुक बाजूचं एक टेबल कायम मिळालं तर टेस्ट रिपोर्ट दुपारपर्यंत देता येतील. महिनाभर करून पाहू का?" कामाचा फायदा आणि मुदत दोन्ही आलं. लांबलचक कारणं लिहिली की वाचणारा कारणांवर वाद घालतो.

"टीममध्ये मिसळत नाही" हा शेरा तसाच घेऊ नका. रिव्ह्यूवर सही करण्याआधी लेखी विचारायचं: कोणत्या दोन-तीन प्रसंगांवरून, तारखेसह, आणि पुढच्या सहा महिन्यांत काय दिसलं तर हा शेरा बदलेल? अनेकदा उत्तर येतं ते "डेली कॉलवर कॅमेरा बंद असतो" किंवा "चहाला येत नाही". पहिल्यावर तोडगा निघतो, दुसरं कामाच्या मोजमापात बसत नाही. टेस्टरच्या बाबतीत तर सापडलेले दोष, त्यांची नोंद किती स्पष्ट, किती परत उघडावे लागले, हे आकडे त्याच्याकडे असतात. तेच पुढे ठेवावेत.

निदान सांगायचं ठरलं तर एचआरला, लेखी, "गोपनीय" असं वर लिहून. मॅनेजरला गरजा सांगा, अहवाल नको. व्हॉट्सअॅपवर अहवालाचा फोटो कुणालाही नाही. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, म्हणून प्रमोशन किंवा टीम बदलण्याच्या ऐन धामधुमीत सांगू नये, काम नीट चालू असताना सांगावं.

कायदा: अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६. त्यात २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कलम २० खाली वाजवी सोयी देण्याचं थेट बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनीसाठी कलम २१ महत्त्वाचं: प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, आणि २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा आणि संपर्क अधिकाऱ्याचा उल्लेख लागतो. म्हणून पहिल्या भेटीत "कायदा असं म्हणतो" नको. "आपलं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल?" एवढंच विचारा. धोरण असेल तर दार उघडतं, नसेल तर एचआरला स्वतःच्या लक्षात येतं.

उंबरठा

सर्टिफिकेटबद्दल, कारण इथे गैरसमज बराच आहे. तुमच्या हातातला सायकॉलॉजिस्टचा अहवाल म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. त्यासाठी यूडीआयडीच्या (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या), म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयाची तारीख मिळते, तिथे तपासणी होते. ऑटिझमसाठी इसा ही भारतीय मापनी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य. कायद्याचे बहुतेक लाभ सर्टिफिकेटवर ४० टक्के आणि पुढे अपंगत्व असेल तर.

अडचण अशी की ही मापनी दिसणाऱ्या वागण्यावर चालते. ३४ वर्षं लपवण्याची सवय झालेला माणूस तिथेही नीट हसून, डोळ्यांत बघून बोलतो आणि गुण खाली येतात. म्हणून जाताना अहवाल, शाळेची प्रगतिपुस्तकं (शेऱ्यांच्या रकान्यासकट), आणि रोजचं जगणं बघणारा माणूस सोबत हवा. "जमतं का?" असं विचारलं तर नुसतं "जमतं" म्हणू नका. "जमतं, पण नंतर दोन तास बोलता येत नाही" असं पूर्ण उत्तर द्या.

काढावं का? सरकारी नोकरीत आरक्षण हवं असेल तर हवंच. ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटांना मिळून आहे त्यात ऑटिझम येतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के आणि पुढे १,२५,०००, पण ऑटिझमसाठी त्याला वेगळा फॉर्म लागतो आणि लोक तो विसरतात. नवी करपद्धत घेतली असेल तर ही वजावट नाही. खासगी नोकरीत फक्त टेबल आणि लेखी सूचना हव्या असतील तर आत्ता घाई नको.

तुळशीकट्टा

सासूबाईंकडे "ऑटिझम" या शब्दाने जाऊ नका. त्यांना ऐकू येतं ते "तुम्ही मूल नीट वाढवलं नाहीत" असं. त्यांच्या आठवणीपासून सुरू करा: "आई, हे लहानपणी कसे होते?" लग्न-मुंजीत पंगतीतून उठून जायचे का, ठरावीक ताटच लागायचं का, लोकरीचा स्वेटर घालायला रडायचे का, रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ होतं का. बहुतेक आया खुशीने तासभर सांगतात. आणि मग "लग्नानंतर हे नवीन" याचं उत्तर त्यांच्याच तोंडून आलेलं असतं. ऑटिझम जन्मापासून असतो, निदान नवीन आहे. मार्क चांगले, भाषा चांगली, म्हणून ३० वर्षांपूर्वी कुणी बघितलंच नाही. प्रौढांच्या तपासणीत बालपणीची माहिती लागतेच, तेव्हा वर उंबरठा म्हणतात तसं सर्टिफिकेटला जाताना त्यांनाच सोबत न्या. त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, हे त्यांना सांगाही.

एक सावधगिरी. निदानाची बातमी नातेवाइकांत पोचली की कुणीतरी स्टेम सेलवाल्या (मूळपेशींचे उपचार विकणाऱ्या) क्लिनिकचा नंबर पाठवणारच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही असं स्पष्ट केलंय. लाखो रुपये जातात. ऑटिझम "घालवणारं" औषध नाही. पण सोबत चिंता, नैराश्य, झोपेचा त्रास, एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा) असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ऑटिझम आणि एडीएचडी एकाच माणसात मांडायला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने २०१३ पर्यंत परवानगीच दिली नव्हती, त्यामुळे जुन्या पठडीत शिकलेल्यांकडून ते निसटतं. अहवालात त्याबद्दल काही नसेल तर विचारा.

निंबोणी

सासूबाईंना विचारलं. स्वेटर, पंगत, दोन्ही निघालं. सर्टिफिकेटचं सध्या राहू देतो, टेबलचा मेल सोमवारी जाईल.

पडवी, शेवटचं एक. कुंभार्ली घाटाने गाडीने जातो, सोबत दीर आणि त्यांची दोन लहान मुलं. वेगळी गाडी मागितली तर वाईट दिसेल का?

पडवी

वाईट दिसू नये म्हणून काम सांगून मागा: "आम्ही एक दिवस आधी जातो, घर झाडून ठेवतो, मखराचं सामान नेतो." मखराचे खांब आणि माळांचे खोके गाडीत भरले की मागे जागाच उरत नाही, आणि दीर-जाऊबाईंचं ओझं हलकं होतं ते वेगळंच.

पहाटे पाच-साडेपाचला निघा. घाटाआधी पाटणच्या आसपास एकदा थांबा, चहा गाडीतच प्या, हॉटेलच्या आत नको. घाटातल्या वळणांनी त्याला मळमळत असेल, तर शक्य असल्यास तिथे गाडी त्यालाच चालवू द्या, चालवणाऱ्याला कमी लागतं. तो चालवत नसेल तर पुढची सीट, काच दोन बोटं खाली. पोचल्यावर गप्पा मारायला कुणी नसेल, पण शेजारचे काका येतीलच. त्यांच्याशी तुम्ही ओटीवर बोला, तो आत जाऊन पंप चालू करेल आणि झोपायची जागा लावेल. हे गाडीत बसायच्या आत त्याला सांगून ठेवा.

आणि बोळ्यांचे चार जोड न्या, दोन नाही. पाच दिवसांत एखादा हमखास नारळाच्या सालींत हरवतो.